सीमेपलीकडील गाणे आणि आपला श्रोता

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. हा मुलगा मूळचा पेडणे महालातला. म्हापशास शिकून, पुढे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या वाटेने तो युरोपात गेला आणि तिकडेच पोटापाण्यास लागला. फ्रान्समध्ये ला रोशेल नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे दर वर्षी फ्रेंच गाण्यांचा मोठा उत्सव भरतो. ज्या गायकाची गाणी तो चारपाच वर्षे ऐकत आला होता, त्यास प्रत्यक्ष ऐकावे म्हणून नोकरीत रजा काढून, तिकिटाचे पैसे साठवून तो ह्या उत्सवास गेला होता. पत्रात आनंद ओसंडत होता. परंतु शेवटी त्याने जे लिहिले, त्याने आम्हांस विचारात पाडले. हजारो माणसे गायकाच्या बरोबरीने गात होती, आणि त्या गर्दीत आपण एकटेच शब्द न येणारे आहोत, असे त्याला वाटले. त्या क्षणी त्याला आपल्या गावची जत्रा आठवली. तेथील नाटकातले प्रत्येक पद त्याला पाठ असे. मग त्याने विचारले होते, "सर, मराठी गाण्यांचा असा उत्सव कोठे भरतो?"

ह्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देण्याजोगे नव्हते. हा उत्सव म्हणजे काय, एका भाषेतील गाण्यासाठी माणसे देश ओलांडून का जातात, आपल्या गोमंतकात अशी परंपरा होती की नाही, आणि ज्याची भाषा येत नाही असे गाणे ऐकून श्रोत्याच्या पदरी काय पडते, ह्या सर्वच गोष्टींचा विचार त्यात येतो. शिक्षकबंधूंस आणि अकादमीच्या सभासदांस हा विचार उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहोत.

प्रथम उत्सवाची माहिती. 'फ्रांकोफोली' असे त्याचे नाव. त्यातील पहिला भाग फ्रेंच भाषेचा वाचक आहे आणि दुसऱ्याचा अर्थ वेड किंवा खूळ असा होतो. आपण ज्यास 'गानवेडा' म्हणतो, त्याच्याच जातीचा हा शब्द. ज्याँ-लुई फूल्किये हे फ्रेंच नभोवाणीवरील प्रसिद्ध निवेदक मूळचे ला रोशेलचेच. त्यांनी १९८५ साली आपल्या गावी हा उत्सव सुरू केला. जुलै महिन्यात, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या सुमारास, बंदराच्या दोन पुरातन बुरुजांपासून जवळच असलेल्या मोकळ्या पटांगणात रंगमंच उभा राहतो. कल्पना लोकांस इतकी रुचली की, १९८९ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे आणि १९९४ मध्ये बेल्जममधील स्पा ह्या गावी त्याच नावाचे उत्सव सुरू झाले. माँट्रियलच्या उत्सवात तर पुष्कळसे कार्यक्रम भर शहरातील चौकांत, उघड्यावर आणि विनामूल्य होतात.

ह्या उत्सवाचे वैशिष्ट्य असे की, त्याची सीमा रागाने वा वाद्याने आखलेली नाही, भाषेने आखलेली आहे. जुन्या पद्धतीचे भावगीत असो, तरुणांचे कर्णकटू वाटणारे गाणे असो, की आफ्रिकेतून आलेल्या गायकाचे नवे वळणाचे गाणे असो. ते फ्रेंचमध्ये आहे, एवढी एक ओळख तेथे मुख्य मानली जाते. फ्रेंचांच्या दृष्टीने हे साहजिकच आहे. त्यांच्याकडे गाण्यास 'शांसों' म्हणतात आणि त्यात शब्दाचा मान मोठा असतो. जॉर्ज ब्रासांस ह्या गायकाने व्हिक्टर ह्यूगोसारख्या कवींच्या कविता गिटारवर गाऊन घरोघर पोहोचविल्या. लेओ फेरे ह्याने बोदलेरच्या कवितांस चाली दिल्या. त्याच परंपरेतील एक अग्रणी झाक ब्रेल हा जन्माने बेल्जियन, तर शार्ल आझनावूर हा आर्मेनियन निर्वासितांचा मुलगा. म्हणजे ह्या गाण्याची भाषा एक. घरे मात्र अनेक.

परंतु अशा उत्सवाची गरज का भासली, हे पाहिल्यावाचून त्याचे मर्म कळणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या नभोवाणीवर इंग्रजी गाण्यांचा पूर लोटला होता. आपली मुले आपल्या भाषेत गुणगुणत नाहीत, ही तक्रार तेथील पालकही करीत होते. ही चिंता पुढे कायद्यापर्यंत गेली. १९९४ मध्ये झालेल्या कायद्यान्वये १९९६ च्या आरंभापासून खाजगी नभोवाणी केंद्रांस आपल्या गाण्यांपैकी निदान ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतील लावणे भाग पडले आणि त्यांतील निम्मी नव्या गायकांची वा नव्या रचनांची असावीत, असे ठरले. कॅनडातील क्वेबेक प्रांताची कथा तर आणखी बोलकी आहे. चहूंकडून इंग्रजीने वेढलेल्या त्या प्रांतात फ्रेंच ही राजभाषा झाली १९७४ साली, आणि भाषेची प्रसिद्ध सनद आली १९७७ मध्ये. ज्या उन्हाळ्यात राजभाषेचा पहिला कायदा संमत झाला, त्याच उन्हाळ्यात, १३ ऑगस्ट १९७४ रोजी, क्वेबेक शहराच्या मैदानावर फेलिक्स लक्लेर, झील व्हिन्यो आणि रोबेर शार्लबुआ हे तीन पिढ्यांचे तीन गायक एकत्र गायले आणि लाखाहून अधिक माणसे ते ऐकण्यास लोटली. कायदा आणि गाणे अशी दोन्ही चाके त्या गाड्याला होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. गोमंतकातील मराठी माणसास त्याचे काय? ह्यास आमचे उत्तर असे की, गाण्यासाठी परदेशी जाणे हे आपल्यास मुळीच नवे नाही. फरक एवढाच की, आपला 'परदेश' फार जवळ होता.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले. 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या भागात देवळे टिकली, आणि देवळांबरोबर कीर्तन, भजन, दशावतार आणि जत्रेतले नाटकही टिकले. बारदेशातील श्रोता त्यासाठी नदी ओलांडून जात असे. पूल होण्यापूर्वी शिवोलीहून चोपड्यास फेरीबोटीने उतरून पेडण्याच्या जत्रेस जाणारी माणसे आजही भेटतात. शेवटची बोट चुकली की, रात्र नाटक पाहण्यात घालवून पहाटे परतावयाचे, हा शिरस्ताच होता. गाण्यासाठी पायपीट करण्याचे पहिले शिक्षण गोमंतकीयास येणेप्रमाणे घराजवळच मिळाले.

पुढचे शिक्षण मात्र हद्दीपलीकडे. कारण आमचे गवयी तेथे होते. केसरबाई केरकर ह्यांचा जन्म १८९२ मध्ये फोंडा महालातील केरी गावी झाला. डिचोली महालातील लामगाव येथे रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा त्यांच्याकडे त्या शिकल्या. आणि नंतर मुंबईस जाऊन अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांनी घेतली. मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ मध्ये सांगे महालातील कुर्डी गावी झाला. तेच कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. पेडणे महालातील मालपे हे नाव ज्यांच्या आडनावात आहे, त्या अंजनीबाई मालपेकरांनीही कीर्ती मिळविली ती मुंबईत. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ह्यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली आणि ती सबंध महाराष्ट्रात फिरली. गोमंतकाच्या मातीतले सूर गोमंतकाबाहेर गाजत होते. ते ऐकावयाचे, तर श्रोत्यास त्यांच्यामागे जाणे प्राप्त होते.

शिवाय ते सूर घरबसल्या ऐकावयास मिळतीलच, अशीही सोय नव्हती. केसरबाई ध्वनिमुद्रणाविषयी फार कडक. त्यांच्या तबकड्या मोजक्या, आणि नभोवाणीपासून त्या दूरच राहिल्या. त्यांचे गाणे ऐकावयाचे म्हणजे बैठकीत जाऊन बसावयाचे. आपला आवाज असा जपून ठेवणाऱ्या ह्या गायिकेची एक भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या, हा योगायोग विलक्षण खरा.

१९४७ पर्यंत मुंबईकडे जाणे खर्चाचे असले, तरी फारसे कठीण नव्हते. पणजीहून आगबोट होती. मुरगाव बंदरातून कुळे, कॅसलरॉक ह्या मार्गाने रेल्वे होती. भारत स्वतंत्र झाला आणि जी केवळ जकातीची रेषा होती, ती दोन राष्ट्रांमधील सीमा बनली. १९५५ साल तर सर्वांत कठीण. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वेची वाहतूक थांबली, हद्दीवरची ये-जा परवान्यांवर आली. पत्रादेवीपासून बांदे हाकेच्या अंतरावर. पण तेथे पोहोचणे म्हणजे परदेशगमन झाले. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून सुरू झालेला संगीत महोत्सव पहिली आठनऊ वर्षे गोमंतकीयाच्या दृष्टीने ह्या अर्थाने 'परदेशातला' होता. १९५५ च्या रामनवमीस पुणे नभोवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके ह्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि आठवड्यास एक ह्याप्रमाणे वर्षभर चालले. म्हणजे हद्दीवर माणसे अडविली जात होती, त्याच महिन्यांत मराठी गीत आकाशमार्गे निघाले होते. लहरींना परवाना लागत नव्हता. माणसास लागत होता, आणि तरीही ज्यांस ओढ होती ती माणसे संधी मिळताच जात होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला आणि ती सीमा पुसली गेली.

आता मूळ प्रश्नातील अवघड भागाकडे वळू. ज्या भाषेचा शब्द कळत नाही, ते गाणे ऐकण्यास इतक्या दूर जाऊन काय मिळते? आपले विद्वान ह्यावर दोन टोकांची मते देतात. एक पक्ष म्हणतो, स्वरास भाषा नसते, शब्द हे केवळ निमित्त. दुसरा म्हणतो, अर्थावाचून गाणे म्हणजे केवळ ध्वनी. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धवट आहेत, आणि ह्याचा पुरावा आपल्या स्वतःच्या ऐकण्यातच आहे.

ख्यालाच्या बंदिशी बहुतेक ब्रज भाषेतल्या. म्हापशाच्या किंवा मिरजेच्या श्रोत्यास त्यांतील कितीसे शब्द उलगडतात? तरी तो माना डोलावतो, कारण ख्यालात शब्द सुरास वाट करून देतो आणि आपण मागे राहतो. नाट्यपदात तसे नाही. तेथे शब्द आणि सूर बरोबरीने चालतात. पद प्रसंगात बसलेले असते, आणि प्रसंग न कळणाऱ्या श्रोत्याच्या हाती चालच तेवढी लागते. फ्रेंच 'शांसों' ही आपल्या नाट्यपदाच्या आणि भावगीताच्या बाजूची आहे, ख्यालाच्या बाजूची नव्हे. म्हणूनच आमचा विद्यार्थी त्या गर्दीत आनंदलाही आणि एकटाही पडला.

ह्याचाच एक छोटा अनुभव आम्हांसही आहे. पणजीत काही वर्षांपूर्वी 'फादु' गायनाची एक बैठक झाली. हे पोर्तुगीज गीत. युनेस्कोने २०११ मध्ये त्यास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आम्हांस पोर्तुगीज येत नाही. पहिली दोन गीते केवळ आवाजाच्या कळवळ्यावर ऐकली. मग शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी 'सावदाद' ह्या एका शब्दाचा अर्थ हलक्या आवाजात सांगितला. जे दुरावले त्याची गोड हुरहूर, असा काहीसा तो अर्थ. तिसऱ्या गीतात तो शब्द आला मात्र, आणि आतापर्यंत भिंतीवर दिसणारे चित्र एकाएकी दारासारखे उघडले. एका शब्दाने एवढे केले. तात्पर्य, शब्द न कळणारा श्रोता अधिक एकाग्रतेने ऐकतो हे खरे. पण तो तेथेच थांबला, तर उंबऱ्यावरच राहतो. परक्या भाषेतील गाणे ही त्या भाषेच्या घरी येण्याची विनंती असते. ती स्वीकारावयाची, तर भाषेकडे चार पावले टाकावी लागतात.

म्हणून जो कोणी अशा उत्सवास जाऊ इच्छितो, त्यास आमचे सांगणे एवढेच. पारपत्र, प्रवेशपत्र, तिकीट, निवास ह्यांची तजवीज तर करावीच. फ्रान्ससाठी भारतीय पारपत्रधारकास शेंगेन प्रवेशपत्र आधी मिळवावे लागते, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत जागा लवकर भरतात. पण त्याहून महत्त्वाची तयारी कानाची. जी दहा गाणी तेथे ऐकावयास मिळण्याचा संभव आहे, त्यांचे शब्द मिळवून ते कोशाच्या साहाय्याने लावावेत. वहीत उतरून घ्यावेत. ध्रुवपद तरी पाठ करावे. ज्याला ध्रुवपद पाठ आहे, तो गर्दीत परका राहत नाही. हीच तयारी आम्ही वर्गात कविता शिकविताना करून घेतो. तीच गाण्यास लागू आहे. आणि परतल्यावर ऐकलेले चार लोकांस सांगावे. पूर्वी पुण्यामुंबईहून बैठक ऐकून आलेला माणूस गावात आठ दिवस तेच सांगत असे, आणि न गेलेल्यांचेही कान त्यामुळे तयार होत.

राहता राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. मराठी गाण्यांचा असा उत्सव कोठे भरतो? आम्ही शोधून पाहिले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव थोर आहे. पण त्याचे दैवत राग आहे, भाषा नव्हे. कला अकादमीचा केसरबाईंच्या नावाचा समारोहही त्याच जातीचा. उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांस मराठी कुटुंबे दूरदूरच्या राज्यांतून जातात, आणि तेथे मराठी गाणे हे मोठे आकर्षण असते. पण तो समाजाचा मेळावा, गाणे हे त्याचे एक अंग. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या स्पर्धा आहेत, अभंगांच्या मैफली आहेत, भावगीतांच्या संध्या आहेत. ह्यांपैकी प्रत्येकाचा श्रोता वेगळा आणि प्रत्येकाचे अंगण वेगळे. अभंग, ओवी, लावणी, पोवाडा, नाट्यपद, भावगीत, गझल, दशावतारातले पद आणि आजच्या तरुणांचे मराठी गाणे, ह्या सर्वांस केवळ 'मराठी' ह्या एका नात्याने एका मांडवाखाली आणणारा, आणि ज्यासाठी परगावचा, परदेशचा श्रोता मुद्दाम रजा काढून येईल, असा वार्षिक उत्सव आमच्या पाहण्यात नाही.

ह्या उणिवेचे कारण आम्हांस आपल्या सवयीत दिसते. भाषेविषयी आपण पुष्कळ बोलतो. संमेलने भरवितो, ठराव करतो, निवेदने देतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर तर मराठीविषयीची आपली बरीच शक्ती ह्याच मार्गाने खर्च झाली. ठराव नकोत, असे आम्ही म्हणत नाही. फ्रेंचांनीही कायदे केलेच. पण त्यांनी गाडीचे दुसरे चाकही बसविले. आमच्या शाळेतील मुले मधल्या सुटीत काय गुणगुणतात, हे आम्ही रोज ऐकतो. त्यांत हिंदी चित्रपटगीते असतात, इंग्रजी असतात, क्वचित कोकणीही असतात. मराठी पद अभावानेच. ह्यात मुलांचा दोष नाही. त्यांस आपण मराठीतून परीक्षा देण्यास शिकविले. मराठीतून गुणगुणण्यास शिकविले नाही. जी भाषा परीक्षेपुरती उरते, ती निकालाबरोबर विसरली जाते. जी ओठावर राहते, ती टिकते.

म्हणून शिक्षकबंधूंस आमची एक अल्प सूचना आहे. वर्षाकाठी एक दिवस वर्गास गाणे ऐकण्यासाठी गावाबाहेर न्यावे. फार दूर नको. म्हापशाच्या मुलांस पेडण्याचे दशावतार, डिचोलीच्या मुलांस साखळी-फोंड्याकडील भजन, आणि जमेल तेव्हा सीमेपलीकडील सावंतवाडी किंवा बेळगाव. जाण्यापूर्वी पदांचे शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगावा; परतल्यावर प्रत्येकाने एक पद म्हणून दाखवावे. आणि अकादमीनेही विचार करावा की, वर्षातील एक संमेलन भाषणांवाचून, केवळ मराठी गाण्याचे, सर्व प्रकारच्या मराठी गाण्याचे, म्हापशासारख्या गावी भरविता येणार नाही काय? शुक्रवारच्या बाजारास ह्या गावात चहूंकडून माणूस येतोच. गाण्यास येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यास आम्ही उत्तर धाडले आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर आज 'कोठेही नाही' असे आहे, हे त्यात प्रांजळपणे लिहिले. आणि पुढच्या वर्षी पुन्हा ला रोशेलला जाशील, तेव्हा एका तरी गाण्याचे ध्रुवपद पाठ करून जा, असेही लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ घातली: जत्रेतली जी पदे तुला पाठ होती, ती एका वहीत लिहून आमच्याकडे पाठव. वही अजून आलेली नाही. आम्ही वाट पाहत आहोत.